छत नवं आहे, हे सांगायला लाज कसली?

ड्रेस्डेनच्या राजवाड्यातली शाही दालनं सप्टेंबर २०१९मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडली. जर्मनीतल्या सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) आणि पोलंडचा राजा ऑगस्टस ‘द स्ट्राँग’ याने ती १७१९मध्ये युवराजाच्या लग्नासाठी सजवून घेतली होती. सून हॅब्सबर्ग सम्राटाच्या घरातली, म्हणजे व्याह्यांसमोर कमी पडून चालणार नव्हतं. छतांवर लुई द सिल्व्हेस्त्र या फ्रेंच चित्रकाराने रूपकचित्रं रंगवली. १९४५च्या फेब्रुवारीत बॉम्बहल्ल्यात शहराबरोबर तीही जळाली. आज तिथे मान वर करून जे पाहायला मिळतं, ते आपल्या काळातल्या चित्रकारांनी हाताने पुन्हा रंगवलेलं आहे. यावरून दोन तट पडतात. एका तटाच्या मते हा निव्वळ देखावा आहे, पैसे मोजून खोटं छत बघायचं. युरोपच्या सहलीहून परतलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी हाच आक्षेप ‘अहो, ते सगळं डुप्लिकेट आहे’ असा येतो. दुसरा तट भारावलेला असतो. त्याच्या मते जे गेलं होतं ते जसंच्या तसं परत आलं.

दोन्ही बाजू एकच चूक करतात. चित्र एक तर मूळ असतं नाहीतर खोटं, तिसरा प्रकारच नाही, असं दोघांनीही धरून ठेवलं आहे. माझं म्हणणं असं की हाताने काढलेली आणि उघडपणे प्रत म्हणून मांडलेली प्रत हे चित्रकलेतलं सन्मानाचं काम आहे. बरोक काळातल्या, म्हणजे ढोबळमानाने सतराव्या-अठराव्या शतकातल्या, राजांच्या चित्रांबाबत तर प्रतीला नाकं मुरडणं म्हणजे त्या चित्रांचा उद्देशच न कळणं. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो दोन गोष्टींवर घ्यावा. एक, प्रत आहे हे लपवणं. दोन, प्रत काढायची टाळून मुळावरच नवा रंग चढवणं. पहिल्यावर आरडाओरडा होतो. दुसऱ्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, आणि नुकसान त्यानेच जास्त झालं आहे.

आधी राजांच्या चित्रांचंच पाहू. फ्रेंच चित्रकार इयासिंत रिगोने १७०१मध्ये रंगवलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. लिलीच्या फुलांची नक्षी असलेला निळा झगा, पांढरी अस्तरफर, त्रेसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचा चेहरा आणि त्याखाली नर्तकाचे वाटावेत असे तरुण पाय. हे चित्र मुळात लुईच्या व्हर्साय राजवाड्यासाठी नव्हतंच. लुईचा नातू फिलिप नुकताच स्पेनच्या गादीवर बसला होता, त्याला आजोबांचं चित्र हवं होतं. तयार झालेलं चित्र आजोबांनाच इतकं आवडलं की त्यांनी ते ठेवून घेतलं आणि दुसरी प्रत करायला सांगितली. आज त्यातलं एक लूव्रमध्ये आहे, एक व्हर्सायमध्ये. लूव्रमधलं ‘मूळ’ तरी एकसंध आहे का? राजाचा चेहरा रिगोने त्याला समोर बसवून एका लहान कॅनव्हासवर रंगवला आणि तो तुकडा नंतर मोठ्या चित्रात बसवला. त्याच्या कारखान्यात कापडाच्या चुण्या, फुलं, पाठीमागची लढाई अशी कामं वेगवेगळ्या हातांना वाटून दिलेली असत, आणि कोणत्या कामाचे कोणाला किती दिले याच्या नोंदवह्या तो काटेकोर ठेवी.

इंग्लंडात अँथनी व्हॅन डाइक बसणाऱ्याला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त अडकवत नसे. कपडे मागवून घेऊन ते मदतनिसांकडून रंगवून घेई, आणि हातांसाठी पगारी माणसं बसवी. म्हणजे चित्रातल्या उमरावाचे ते नाजूक, लांबसडक हात उमरावाचे नाहीतच. त्याच्यानंतर दरबारी चित्रकार झालेला पीटर लेली तर आणखी पुढे गेला. त्याच्याकडे उभं राहण्या-बसण्याच्या ढबींना क्रमांक दिलेले होते. १६८०मध्ये तो वारला तेव्हा स्टुडिओभर अर्धवट चित्रं पडली होती, आणि मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी ती मदतनिसांकडून पुरी करून घेतली. राजाचं चित्र ही राजाच्या गैरहजेरीत त्याच्या जागी ठेवायची वस्तू होती. वकिलातीत, प्रांताच्या सुभेदाराच्या दालनात, सोयरिकीच्या बोलण्यात, जिथे राजा जाऊ शकत नाही तिथे चित्र जाई. एकच प्रत असलेलं राजचित्र म्हणजे एकच प्रत छापलेलं फर्मान. अशा चित्रापुढे उभं राहून ‘पण मूळ कुठे आहे?’ असं विचारणारा माणूस विसाव्या शतकातल्या लिलावघराचा प्रश्न सतराव्या शतकाला विचारत असतो.

यावर एक खणखणीत उत्तर येतं आणि ते मला मान्य आहे. रिगोच्या नजरेखाली, त्याच्या मदतनिसाने, त्याच रंगांनी केलेली प्रत वेगळी. तीनशे वर्षांनंतर फोटोवरून केलेली वेगळी. पहिली त्या परंपरेचा भाग आहे. दुसरी परंपरेबद्दलचा अंदाज आहे. हा फरक खरा आहे आणि तो पुसायचा माझा विचार नाही. पण अंदाज म्हटलं की तो निरुपयोगीच, हे कुठून आलं? आणि ज्याला आपण आज परंपरेतली प्रत म्हणतो, ती काढली गेली तेव्हा तिची किंमत कोणाला कळली होती?

लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात १५३७मध्ये हान्स होल्बाइनने एक भित्तिचित्र काढलं होतं. आठवा हेन्री, त्याची राणी जेन सीमोर आणि मागे त्याचे आईवडील. त्या भिंतीवरच्या हेन्रीसमोर उभं राहिलं की माणसाला आपण नाहीसे झाल्यासारखं वाटे, असं जुन्या वर्णनात म्हटलं आहे. एकशेतीस वर्षांनी, १६६७मध्ये, दुसऱ्या चार्ल्सने रेमिगियस व्हॅन लेमपुट या फ्लेमिश चित्रकाराकडून त्याची छोटी प्रत करवून घेतली. लांबी-रुंदी मीटरभरसुद्धा नाही. लेमपुट हा कोणी थोर कलावंत नव्हे. व्हॅन डाइकच्या हाताखाली राहिलेला, मुख्यतः प्रती काढणारा माणूस. मग जानेवारी १६९८मध्ये एका डच नोकराणीने निखाऱ्यांपाशी कपडे वाळत घातले आणि व्हाइटहॉल जवळजवळ सगळा जळाला. होल्बाइनची भिंत गेली. बर्निनीने घडवलेला पहिल्या चार्ल्सचा संगमरवरी अर्धपुतळाही त्याच आगीत गेला, तोही आज प्रती आणि छापचित्रांतूनच माहीत आहे.

होल्बाइनच्या हातचं काहीच उरलं नाही असं नाही. भिंतीवर उतरवण्यापूर्वी केलेल्या पूर्ण आकाराच्या रेखाटनाचा डावा अर्धा भाग लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात हेन्रीचा चेहरा किंचित बाजूला वळलेला आहे. लेमपुटच्या प्रतीत तो थेट समोर, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून आहे. म्हणजे रेखाटन झाल्यावर, भिंतीपाशी, होल्बाइनचं मत बदललं. हेन्री आठवा म्हटलं की आज जगभर जी समोर रोखून पाहणारी, पाय फाकून उभी राहिलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते, ती या बदलातून आली. हा बदल आपल्याला अस्सल होल्बाइन सांगत नाही. तो सांगतो एका दुय्यम माणसाने केलेली, मूळ चित्राच्या मानाने चिमुकली असलेली ‘डुप्लिकेट’.

उलट उदाहरण माद्रिदचं आहे. स्पेनचा दरबारी चित्रकार वेलास्केस याने १६२७मध्ये दरबारी स्पर्धेत इतर चित्रकारांना हरवलं ते मोरिस्कोंच्या, म्हणजे धर्मांतर केलेल्या स्पॅनिश मुसलमानांच्या, हकालपट्टीच्या चित्रावर. त्याची पुढची सगळी कारकीर्द या विजयावर उभी राहिली. १७३४च्या नाताळच्या आदल्या रात्री अल्काझार राजवाडा पेटला आणि पाचशेहून जास्त चित्रं गेली. वेलास्केसचंच गाजलेलं ‘लास मेनिनास’ वाचलं, हे मोरिस्कोंचं चित्र गेलं. त्याची प्रत कोणी काढलेली नव्हती, त्यामुळे आज एका जुन्या वर्णनापलीकडे त्याचं काहीही हाती नाही. याच राजवाड्यासाठी फ्लेमिश चित्रकार रूबेन्सने १६२८मध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याचं घोड्यावरचं चित्र काढलं होतं. तेही उरलेलं नाही, पण ते कसं होतं हे ठाऊक आहे, कारण त्याची प्रत फ्लोरेन्सच्या उफित्सीत आहे. प्रतीला तुच्छ मानणाऱ्यांनी यातलं कोणतं नशीब पत्करायचं ते सांगावं.

रूबेन्सचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. त्या माद्रिदच्या मुक्कामात तो पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर गाजलेला, शिवाय राजदूत म्हणून आलेला माणूस होता. त्याने काय केलं? राजसंग्रहातली तित्सियानोची (इंग्रजीत टिशियन) चित्रं एकेक करून स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. ती विकायला नव्हे, स्वतःसाठी. ‘आदम आणि ईव्ह’ उतरवताना त्याने आदमची बसण्याची ढब बदलली आणि झाडावर एक रंगीत पोपट बसवला. प्रादो संग्रहालयात दोन्ही चित्रं आहेत. प्रत काढणं म्हणजे डोकं बाजूला ठेवून हात चालवणं, असं मानणाऱ्यांनी ती दोन चित्रं सलग पाहावीत.

आता विरोधकांचा दुसरा मुद्दा, माझ्या मते सर्वांत वजनदार. प्रत काढणारा स्वतःचा काळ प्रतीत ओततोच. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने १८७८पासून हेरेनकीमझे बेटावर व्हर्सायची प्रतिकृती उभारायला घेतली. आरसेमहालाच्या छतावरची शार्ल ल ब्रुनची चित्रंही पुन्हा रंगवून घेतली, आणि महाल मुळापेक्षा लांब केला. व्हर्सायमधला राजदूतांचा जिना पंधराव्या लुईने १७५२मध्ये पाडून टाकला होता, तो लुडविगने जुन्या छापचित्रांवरून बांधून घेतला. राजाने त्या महालात जेमतेम काही दिवस काढले, १८८६मध्ये तो वारला, काम अर्धवट राहिलं. तिथल्या भिंती पाहिल्या की जाणकाराला लगेच समजतं, हे एकोणिसाव्या शतकाचं काम आहे. रंग जास्त गोड, चेहरे जास्त भावुक, आणि जिन्यावर चक्क लोखंड आणि काचेचं छप्पर. ड्रेस्डेनचं छतही पन्नास वर्षांनी २०१९चं म्हणून ओळखू येईल, यात शंका नाही. पण याने काय सिद्ध होतं? प्रत म्हणजे मूळ नव्हे एवढंच. आणि ते कोण नाकारतंय? लुडविगचा जिना त्याच्या काळाची छटा घेऊन आलेला आहे, तरी व्हर्सायच्या त्या पाडलेल्या जिन्याची चढण पायांना कशी लागायची हे कळण्याची तीच एक जागा आहे. व्हर्सायला जाऊन ते कळत नाही.

याच धाग्याला धरून तंत्रज्ञानवाले पुढे येतात. हाताचा एवढा दोष असेल तर हात हवाच कशाला? व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे मठातून नेपोलियनच्या सैन्याने १७९७मध्ये व्हेरोनेसेचं ‘काना गावचं लग्न’ कापून पॅरिसला नेलं. २००७मध्ये लूव्रमधल्या त्या चित्राचं स्कॅनिंग करून, छापून, त्याची पूर्ण आकाराची प्रत मठाच्या त्याच भोजनगृहात लावली. चित्र बरोकच्या आधीचं आहे, पण मुद्दा लागू पडतो. अचूकतेत हाताला तिथवर पोचणं कठीण आहे, हे मी निमूट मान्य करतो. अडचण इतकीच की स्कॅनरपुढे ठेवायला चित्र शिल्लक असावं लागतं. जळालेल्या छताचं स्कॅनिंग कसं करणार? शिवाय यंत्र चित्राची आजची अवस्था उतरवतं. तडे, पिवळं पडलेलं वार्निश, मागच्या डागडुजीचे डाग, सगळं प्रामाणिकपणे. आधी कोणता थर चढला, सावली तपकिरीवर उभी केली की राखाडीवर, मखमलीची चमक शेवटी दोन फटकाऱ्यांत आणली की आधीपासून जपली, हे प्रश्न यंत्राला पडत नाहीत. ज्याला छत पुन्हा रंगवायचं आहे त्याला ते रोज पडतात. जिथे चित्र आहे तिथे यंत्र लावा, माझी हरकत नाही. जिथे चित्र नाही, किंवा चित्र कसं घडलं हे समजून घ्यायचं आहे, तिथे हाताला पर्याय सापडलेला नाही. आपल्याकडच्या मंगल कार्यालयांच्या छतावर छापील देवदूत चिकटवतात, त्याला यंत्राची प्रत म्हणायचं असेल तर मात्र मी गप्प बसतो.

उरला राजकारणाचा मुद्दा, तो झटकून टाकण्याजोगा नाही. राजवाडे पुन्हा रंगवले की युद्ध झालंच नव्हतं असं भासतं. जर्मनीत हा आक्षेप जास्त बोचतो, आणि बोचायलाच हवा. त्यातून पुनर्रचनेला उपयोगी पडलेली रंगीत छायाचित्रं कुठून आली ते पाहा. १९४३मध्ये, बॉम्ब पडू लागल्यावर, हिटलरच्याच आदेशाने देशभरातल्या भित्तिचित्रांच्या आणि छतचित्रांच्या हजारो रंगीत पारदर्शिका काढून घेतल्या गेल्या. ज्याने आग लावली त्याच्याच दप्तरातून राखेचा नकाशा मिळाला. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात यावर वेगळा उपाय निघाला. आंत्वान पेन याची छतचित्रं १९४३च्या हल्ल्यात नष्ट झाली, तेव्हा पांढऱ्या दिवाणखान्याचं छत १९७०च्या दशकात हान ट्रियर या आधुनिक चित्रकाराकडे सोपवलं. त्याने तिथे अमूर्त रंगांचे झोत उडवले. जखम दिसते, बनाव नाही. मला ते छत आवडतं. पण तो एकच प्रामाणिक मार्ग आहे, हे पटत नाही. ट्रियरचं छत ‘इथे काहीतरी गेलं’ एवढं सांगतं. काय गेलं ते सांगत नाही. निरंकुश राजे आपल्या प्रजेला आणि पाहुण्यांना कसे दिपवत होते, हे समजायचं असेल तर ती दिपवणारी खोली एकदा तरी अंगावर यावी लागते. तिच्या दाराशी जळालेल्या छताचा फोटो आणि दोन तारखा लावल्या तर राजाचा थाटही कळतो आणि त्याचा शेवटही. तो फोटो लावत नसतील तर त्यांच्याशी जरूर भांडावं.

आता तो दुसरा अपराध, ज्यावर कोणी बोलत नाही. त्यासाठी युरोपला जायला नको, जुन्या गोव्याला जावं. सेंट फ्रान्सिसच्या मठातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या चित्रांची रांग आहे, साठच्या आसपास. १५४७मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने ती मालिका सुरू केली. इतिहासकार गाश्पार कोर्रेया याने आधीच्या गव्हर्नरांचे चेहरे आठवणीतून रेखाटून दिले आणि एका स्थानिक चित्रकाराने ते रंगवले. त्या चित्रकाराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याची भर पडत गेली. पण गोव्याची दमट हवा रंगाला सोडत नाही. चित्र फिकं पडलं, पोपडे उडाले की दुरुस्तीच्या नावाखाली त्यावरच पुन्हा रंगकाम होई, आणि हे शतकानुशतकं चाललं. परिणाम असा की सोळाव्या शतकातला म्हणून जो चेहरा आपण पाहतो त्यात सोळावं शतक किती आणि नंतरच्या रंगाऱ्याची मेहेरनजर किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तो अनाम गोंयकार चित्रकार नावानेही गेला आणि हातानेही गेला. फिकं पडलेलं चित्र तसंच ठेवून त्याच्या शेजारी नवी प्रत लावली असती, तर गव्हर्नरसाहेबांचा रुबाबही राहिला असता आणि खालचा हातही. मुळावरच रंग चढवणाऱ्याला कोणी बनावटखोर म्हटलं नाही. उलट त्याला जीर्णोद्धाराचं पुण्य मिळालं.

अजिंठ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४०च्या दशकात तिथे येऊन वर्षानुवर्षं प्रती काढत राहिला. १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ लेण्यांत खपले. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५मध्ये लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. प्रती काढण्याच्या त्याच काळात भिंतींवर वार्निश चढवलं गेलं आणि ते पुढे काळवंडलं. म्हणजे प्रत काढणाऱ्यानेच मुळाला इजा केली, हा आरोप इथे खरा आहे. तो मी लपवत नाही. पण इजा प्रतीने केली नाही, वार्निशने केली. भिंतीला हात न लावता कागदावर आणि कॅनव्हासवर जे उतरलं, त्यातलं वाचलेलं काम आज भिंतीवर न उरलेल्या तुकड्यांचा पुरावा म्हणून वापरलं जातं.

तेव्हा प्रतीसाठी नियम हवेत, बंदी नको. नियम नव्याने शोधायलाही नकोत. लूव्रमध्ये क्रांतीनंतर १७९३पासून चित्रकारांना समोर बसून प्रती काढू दिल्या जातात. प्रतीचा आकार मुळापेक्षा लहान किंवा मोठा असावा लागतो, मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही आणि कॅनव्हासच्या मागे शिक्का बसतो. एवढ्याने फसवणुकीचा प्रश्न बहुतांशी मिटतो. राजवाड्यातल्या छताला आकाराचा नियम लावता येणार नाही, तिथे पाटी हवी. कोणी रंगवलं, कधी, कशाच्या आधारे, आणि कोणता भाग पुराव्याचा, कोणता तर्काचा. पाटीवर आजच्या चित्रकाराचं नाव आधी लिहा. लेमपुटचं नाव आपल्याला माहीत आहे म्हणून त्याच्या प्रतीवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवता येतं. गोव्याच्या त्या रंगाऱ्यांची नावं माहीत नाहीत म्हणून काहीच ठरवता येत नाही.

जुन्या गोव्यात हे सुरू करायला फार मोठा खर्च नाही. चित्रं आज आहेत तशी, वरच्या सगळ्या थरांसकट, मुंबई-गोव्याच्या कलाविद्यालयांतल्या मुलांना समोर बसून उतरवू द्यावीत. क्षकिरणांनी खालचा थर दिसला तर त्याची वेगळी प्रत काढावी, आणि मूळ चित्रांना त्यानंतर फक्त धूळ झटकण्यापुरता हात लावावा. परकीय सत्ताधीशांच्या चित्रांवर पैसा का घालवायचा, असं कोणी विचारेल. विचारू दे. मुखवटे त्यांचे असतील, कुंचला इथला होता. सुरुवात कोणापासून करायची यावर मात्र खुशाल वाद घालावा. माझं मत अल्बुकर्कला नाही, जुआंव द कास्त्रोलाही नाही. ज्या चित्रावर वरचा रंग सगळ्यात कमी चढला असेल त्याला आहे, मग तो साहेब कितीही फुटकळ असो.